दोन ऑस्कर जिंकून खासदार झाल्या, ऐंशीव्या वर्षी ‘किंग लिअर’ होऊन परतल्या. कोण होत्या ग्लेंडा जॅक्सन?

१० एप्रिल २०१३. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचं निधन होऊन दोनच दिवस झाले होते. त्यांना श्रद्धांजली वाहण्यासाठी सुट्टीवर असलेली संसद मुद्दाम बोलावण्यात आली होती. एकेक खासदार उठत होता, चार बरे शब्द बोलत होता आणि खाली बसत होता. विरोधी बाकांवरचेही बहुतेक जण सांभाळून बोलत होते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हा संकेत तिकडेही आहेच.

मग पंचाहत्तरी पार केलेल्या एक खासदार उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर मेकअप नाही, हातवारे नाहीत, पण आवाज सभागृहाच्या शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोहोचणारा. थॅचर यांच्या धोरणांनी देशाचं काय केलं, याचा त्यांनी पाढाच वाचला. दुकानांच्या पायऱ्यांवर झोपणारी बेघर माणसं, पडायला आलेल्या शाळा, रुग्णालयांची दुरवस्था. लोभ आणि स्वार्थ हे दुर्गुण होते, त्यांना त्या काळात सद्गुण ठरवलं गेलं, असं त्या म्हणाल्या. समोरच्या बाकांवरून आरडाओरडा सुरू झाला. एका खासदाराने हरकतीचा मुद्दा काढला. पण भाषणात नियमाबाहेरचं काही नाही, असं म्हणत सभापतींनी तो फेटाळून लावला.

त्या भाषणाची क्लिप आजही इंटरनेटवर फिरत असते. काहींना ती धाडसी वाटते, काहींना असभ्य. ती पाहणाऱ्या अनेक तरुणांना मात्र एक गोष्ट ठाऊक नसते. या बाई नुसत्या खासदार नव्हत्या. त्यांच्या नावावर अभिनयाचे दोन ऑस्कर होते.

त्यांचं नाव ग्लेंडा जॅक्सन.

गवंड्याची मुलगी

ग्लेंडा यांचा जन्म ९ मे १९३६ चा. गाव बर्कनहेड, म्हणजे मर्सी नदीच्या एका काठावर लिव्हरपूल आणि दुसऱ्या काठावर हे. वडील गवंडीकाम करायचे. आई साफसफाईची आणि दुकानातली, मिळतील ती कामं करायची. चार बहिणींत ग्लेंडा सगळ्यात मोठ्या. आईला सिनेमाचं वेड होतं, म्हणून हॉलिवूडची अभिनेत्री ग्लेंडा फॅरेल हिच्यावरून मुलीचं नाव ठेवलं. घराचा चंदेरी दुनियेशी संबंध काय तो एवढाच.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि वडील नौदलात गेले. समुद्रात पेरलेले सुरुंग काढणाऱ्या जहाजांवर त्यांचं काम होतं. पुरुष लढाईवर आणि घर, कारखाने, मोहल्ला सगळं बायकांच्या हाती, असं बालपण ग्लेंडा यांनी पाहिलं. हे इथे मुद्दाम सांगायचं कारण म्हणजे २०१३ च्या भाषणात त्यांनी या बायकांची आठवण काढली होती. आपल्या लेखी ‘बाई’ म्हणजे त्या, थॅचर त्यात बसत नाहीत, असा त्यांचा रोख होता.

शिक्षण सोळाव्या वर्षाच्या आसपास सुटलं. बूट्स या औषधविक्रीच्या साखळीतल्या एका दुकानात त्या दोन वर्षं काउंटरवर उभ्या होत्या. कंटाळा घालवायला एका हौशी नाटक मंडळात जायला लागल्या. तिथे कुणीतरी सुचवलं आणि त्यांनी लंडनच्या ‘राडा’साठी, म्हणजे रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टसाठी अर्ज केला. प्रवेश मिळाला, शिवाय शिष्यवृत्तीही मिळाली. ती नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं, कारण लंडनला राहून नाटक शिकण्याचा खर्च त्या घराला झेपणारा नव्हता.

राडातून बाहेर पडताना प्राचार्यांनी त्यांना ऐकवलं होतं की चाळीशी उलटेपर्यंत फारसं काम मिळेल अशी आशा ठेवू नका. ग्लेंडा हा किस्सा पुढे अनेकदा सांगायच्या. त्या काळाच्या हिशेबाने तो सल्ला अगदीच चुकीचा नव्हता. नायिकेचा म्हणून जो चेहरा तेव्हा चालायचा, तो त्यांचा नव्हता. १९५७ मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर पाऊल पडलं, पण पुढची सहा-सात वर्षं गावोगावच्या छोट्या नाटक कंपन्या आणि अधूनमधून बेकारी यातच गेली. १९५८ मध्ये रॉय हॉजेस या रंगकर्मीशी लग्न झालं. १९६९ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि १९७६ मध्ये घटस्फोट. मुलगा डॅन हॉजेस पुढे ब्रिटनमधला नावाजलेला राजकीय स्तंभलेखक झाला.

पीटर ब्रूक यांची नजर पडली आणि...

१९६४ च्या सुमारास रॉयल शेक्सपिअर कंपनीत दिग्दर्शक पीटर ब्रूक एक वेगळाच प्रयोग करत होते. हे तेच ब्रूक, ज्यांनी पुढे ‘महाभारत’ जगभर नेलं. नटांना सुरक्षित चौकटीबाहेर काढायचं, प्रेक्षकाला हादरवायचं, असं त्यांच्या डोक्यात होतं. त्यासाठी निवडलेल्या मोजक्या नटांत ग्लेंडा होत्या.

त्यातून आलं ‘मारा/साद’ हे नाटक. वेड्यांच्या इस्पितळातले रुग्ण फ्रेंच राज्यक्रांतीवरचं नाटक करताहेत, अशी त्याची रचना. क्रांतिकारक मारा याचा खून करणाऱ्या शार्लोट कॉर्दे हिची भूमिका एक रुग्ण करते आणि त्या रुग्णाची भूमिका ग्लेंडा करत होत्या. एका प्रसंगात कॉर्दे आपल्या लांब केसांनी मार्की द सादला फटके मारते. चाबूक नाही, केस! हे दृश्य पाहिलेले लोक ते विसरले नाहीत. नाटक लंडनहून न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला गेलं. तिथे ग्लेंडा यांना मानाच्या टोनी पुरस्काराचं पहिलं नामांकन मिळालं. १९६७ मध्ये त्याचा चित्रपटही आला.

मधल्या काळात, १९६५ मध्ये त्यांनी ‘हॅम्लेट’मधली ऑफिलिया केली. ऑफिलिया म्हणजे एरवी गोड, हळवी, वेड लागून पाण्यात बुडणारी मुलगी. ग्लेंडा यांची ऑफिलिया चिडलेली होती, कडवट होती. ती पाहून एका समीक्षिकेने तर ही ऑफिलिया थेट हॅम्लेटच करू शकेल, अशा अर्थाचं लिहिलं. बाईने पुरुषाची भूमिका करायची ही कल्पना पन्नास वर्षांनी वेगळ्या रूपात खरी ठरणार होती.

तीन वर्षांत दोन ऑस्कर

दिग्दर्शक केन रसेल यांचा ‘विमेन इन लव्ह’ १९६९ मध्ये आला. डी. एच. लॉरेन्स यांच्या कादंबरीवरच्या या चित्रपटात ग्लेंडा यांनी गुड्रन ब्रँगवेन ही शिल्पकार रंगवली. स्वतःच्या अटींवर जगणारी, प्रेमातही माघार न घेणारी. चित्रीकरण सुरू असताना ग्लेंडा गरोदर होत्या. १९७१ च्या सोहळ्यात या भूमिकेला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा ऑस्कर जाहीर झाला. ग्लेंडा मात्र तिकडे फिरकल्याच नाहीत.

१९७१ हे त्यांचं वर्ष होतं असं म्हटलं तरी चालेल. बीबीसीने ‘एलिझाबेथ आर’ ही सहा भागांची मालिका दाखवली. राणी पहिली एलिझाबेथ तरुण मुलगी असल्यापासून तिच्या मृत्यूपर्यंतचा प्रवास. सगळ्या वयांतली एलिझाबेथ ग्लेंडा यांनीच केली, तेव्हा त्या पस्तिशीच्याही नव्हत्या. राणीचं ते प्रसिद्ध रुंद कपाळ दिसावं म्हणून त्यांनी डोक्याचा पुढचा भाग चक्क भादरून घेतला. विग लावून भागवता आलं असतं. पण खोटं टक्कल कॅमेऱ्यात कळतं, हा साधा हिशेब. या मालिकेने त्यांना अमेरिकेतले दोन एमी पुरस्कार मिळवून दिले. त्याच वर्षी ‘मेरी, क्वीन ऑफ स्कॉट्स’ या चित्रपटातही त्या पुन्हा एलिझाबेथ झाल्या.

त्याच वर्षीचा ‘संडे ब्लडी संडे’ आज पाहताना जास्त थक्क करतो. जॉन श्लेसिंजर यांच्या या चित्रपटात एक घटस्फोटित बाई आणि एक मध्यमवयीन डॉक्टर, दोघंही एकाच तरुणाच्या प्रेमात आहेत. डॉक्टर पुरुष आहे. दोघांनाही एकमेकांबद्दल माहीत आहे आणि दोघंही अर्ध्यामुर्ध्या नात्यावर समाधान मानताहेत. यात कुठे भडकपणा नाही की उपदेश नाही. इंग्लंडमध्ये समलैंगिक संबंधांना गुन्ह्यातून वगळून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. या भूमिकेसाठी ग्लेंडा यांना बाफ्टा मिळाला आणि ऑस्करचं नामांकनही.

आता दुसऱ्या ऑस्करची गोष्ट. ती सुरू होते टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात. मोरकम आणि वाइज ही ब्रिटनची त्या काळची सर्वांत लाडकी विनोदी जोडी. त्यांच्या कार्यक्रमात ग्लेंडा क्लिओपात्रा होऊन आल्या आणि ऑस्करविजेती बाई इतका वेडेपणा करू शकते हे लोकांना पहिल्यांदा कळलं. ते पाहून दिग्दर्शक मेल्विन फ्रँक यांनी त्यांना ‘अ टच ऑफ क्लास’ या विनोदी प्रेमपटात घेतलं. १९७३ च्या या चित्रपटासाठी दुसरा ऑस्कर मिळाला. यावेळीही ग्लेंडा गैरहजर! आमच्याबरोबर राहा, तिसराही मिळवून देऊ, अशा अर्थाची तार मोरकम-वाइज यांनी म्हणे त्यांना पाठवली होती.

ऑस्करच्या त्या बाहुल्यांचं काय झालं? ग्लेंडा यांनी त्या आईला देऊन टाकल्या. आईने त्या इतक्या मनापासून घासूनपुसून ठेवल्या की वरचा सोनेरी मुलामा निघाला आणि आतला धातू दिसायला लागला, असं त्या सांगायच्या. पुरस्काराने अभिनय सुधारत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. अनेक कलाकार असं म्हणतात. या बाई तसं वागायच्या.

पुढे ‘हेडा’साठी ऑस्करचं चौथं नामांकन, ‘स्टीव्ही’, ब्रूक यांच्या दिग्दर्शनात क्लिओपात्रा, ब्रॉडवेवर ‘रोज’, ‘स्ट्रेंज इंटरल्यूड’ आणि ‘मॅकबेथ’ असं काम सुरूच राहिलं. १९८९ मध्ये केन रसेल यांनी लॉरेन्सच्याच ‘द रेनबो’वर चित्रपट केला. त्यात ग्लेंडा ब्रँगवेन बहिणींच्या आई झाल्या. म्हणजे वीस वर्षांपूर्वी ज्या गुड्रनने ऑस्कर मिळवून दिला, तिचीच आई.

आणि इथेच त्यांची जुनी तक्रार येते. नाटककार बाईला गोष्टीच्या मध्यभागी ठेवतच नाहीत, असं त्या वर्षानुवर्षं सांगत होत्या. वय वाढलं की बाईच्या वाट्याला आई, आजी, शेजारीण. पुरुषाचं वय वाढलं तर त्याच्यासाठी आख्खा ‘लिअर’ लिहून ठेवलेला असतो.

स्टुडिओतून संसदेत

ग्लेंडा पहिल्यापासून मजूर पक्षाच्या. १९७९ मध्ये थॅचर पंतप्रधान झाल्या आणि ग्लेंडा यांचा राग वाढत गेला. समाज असं काही नसतंच, या थॅचर यांच्या गाजलेल्या विधानाने त्या इतक्या भडकल्या की तणतणत निघाल्या आणि बंद काचेच्या दारावर आपटल्या. नाक मोडता मोडता वाचलं, असं त्यांनीच सांगून ठेवलंय.

शेवटी १९९२ मध्ये त्या उत्तर लंडनमधल्या हॅम्पस्टेड अँड हायगेटमधून उभ्या राहिल्या. जागा हुजूर पक्षाच्या ताब्यातली होती. गंमत म्हणजे ज्यांना घालवण्यासाठी त्या राजकारणात आल्या, त्या थॅचर १९९० मध्येच पायउतार झाल्या होत्या. ती निवडणूक देशभरात हुजूर पक्षाने जिंकली, पण ही जागा ग्लेंडा यांनी खेचून आणली. वय ५५.

आपल्याकडे नट-नट्या खासदार होतात तेव्हा सिनेमे सुरूच राहतात आणि संसदेतली हजेरी हा बातमीचा विषय होतो. ग्लेंडा यांनी अभिनय पूर्ण बंद केला. पुढची २३ वर्षं नाटक नाही, सिनेमा नाही. त्यांचं काम म्हणजे मतदारसंघातल्या लोकांची घरभाड्याची भांडणं, पेन्शनचे अर्ज, वृद्धाश्रमांच्या भेटी.

१९९७ मध्ये टोनी ब्लेअर यांचं सरकार आलं तेव्हा त्या वाहतूक खात्यात कनिष्ठ मंत्री झाल्या. खरं सांगायचं तर मंत्री म्हणून त्यांची कारकीर्द लक्षात राहण्यासारखी नव्हती. १९९९ मध्ये लंडनच्या महापौरपदाची उमेदवारी मिळवण्यासाठी त्यांनी राजीनामा दिला, पण पक्षाने ती फ्रँक डॉब्सन यांना दिली. मंत्रिपद गेलं, महापौरपदही नाही.

त्यानंतर मात्र त्या मोकळ्या झाल्या. २००३ मध्ये इराक युद्धाच्या विरोधात आपल्याच सरकारविरुद्ध मत दिलं. ब्लेअर यांनी पद सोडावं असं त्या उघड म्हणत राहिल्या. २००५ मध्ये तर त्यांच्या नेतृत्वाला आव्हान म्हणून स्वतः उभं राहण्याची तयारी दाखवली. म्हणजे ज्या बाई २०१३ मध्ये थॅचर यांच्यावर बरसल्या, त्यांनी स्वतःच्या पंतप्रधानांनाही सोडलं नव्हतं. क्लिप पाहून मत बनवणाऱ्यांकडून हे सहसा निसटतं.

२०१० च्या निवडणुकीत तिरंगी लढत झाली आणि त्या फक्त ४२ मतांनी जिंकल्या. त्या वर्षी इंग्लंडमधला हा सगळ्यात निसटता विजय होता. २०१५ मध्ये, ७९ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यांनी निवडणूक लढवली नाही.

ऐंशीव्या वर्षी लिअर

आता सगळ्यांना वाटलं बाई निवृत्त होणार. त्याच वर्षी त्यांनी बीबीसीच्या रेडिओवर एमिल झोला यांच्या कादंबऱ्यांवर आधारित श्रुतिकांत एका अतिवृद्ध आजीचं काम केलं. आणि पुढच्या वर्षी लंडनच्या ओल्ड व्हिक थिएटरने जाहीर केलं की ग्लेंडा जॅक्सन ‘किंग लिअर’ करणार. दिग्दर्शक डेबोरा वॉर्नर. भूमिका कॉर्डिलियाची नाही, कुठल्या राणीचीही नाही. खुद्द लिअर राजाची.

शेक्सपिअरचा लिअर मराठी प्रेक्षकाला परका नाही. तीन मुलींना राज्य वाटून देणारा, मग वादळात रस्त्यावर येणारा म्हातारा राजा. ‘नटसम्राट’मधल्या अप्पासाहेब बेलवलकरांच्या दुःखात त्याचीच छाया आहे. अप्पासाहेबांची भूमिका करताना नटाची काय दमछाक होते, हे आपल्याकडच्या रसिकांना वेगळं सांगायला नको. लिअरही तसाच. तीन तासांहून लांब नाटक, अंगावर येणारे शिव्याशाप, वेड, आणि शेवटी मेलेल्या मुलीला घेऊन केलेला आक्रोश. हे सगळं ८० वर्षांच्या, पंचवीस वर्षं रंगमंचावर न गेलेल्या नटीने करायचं होतं.

त्यांनी ते केलं. लिअरला राणी बनवलं नाही, राजाच ठेवला. पुरुषी आवाज काढला नाही की दाढी लावली नाही. बारीक अंगकाठी, आखूड केस आणि तोच जुना करकरीत आवाज. तिकिटांवर उड्या पडल्या आणि समीक्षकांनी भरभरून लिहिलं. इव्हिनिंग स्टँडर्डचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कारही मिळाला.

बाई असून लिअर कसा जमला, असं विचारल्यावर त्यांनी दिलेलं उत्तर अभिनयाच्या कुठल्या शाळेतलं नव्हतं. खासदार असताना त्या वृद्धाश्रमांना भेटी द्यायच्या. तिथे त्यांना दिसलं होतं की वय वाढत जातं तसतशी बाई आणि पुरुष यांच्यातली भिंत भुगा होऊ लागते. म्हातारपणी माणूस म्हातारा असतो, बाई की पुरुष हे मागे पडतं.

म्हणजे अभिनयाची वाया गेलेली २३ वर्षं, असं ज्या काळाबद्दल रसिक हळहळत होते, त्याच काळाने त्यांना लिअर दिला. हळहळणारेही अगदीच चूक नव्हते. साठीतल्या, सत्तरीतल्या ग्लेंडा आपल्याला पडद्यावर पाहायला मिळाल्या नाहीत, हे नुकसान झालंच. पण ज्या प्रकारच्या भूमिका तेव्हा त्या वयाच्या बायकांसाठी लिहिल्या जात होत्या, ते पाहता किती झालं हा प्रश्न उरतो.

आणि मग रांगच लागली

२०१८ मध्ये ब्रॉडवेवर एडवर्ड ऑल्बी यांचं ‘थ्री टॉल विमेन’. मरणाच्या दारातली, हेकट, कडवट, मधूनच खळखळून हसवणारी म्हातारी. याआधी चार वेळा टोनीचं नामांकन मिळून हुकलं होतं. यावेळी, ८२ व्या वर्षी, टोनी मिळाला. ऑस्कर, एमी आणि टोनी असे तिन्ही अभिनय पुरस्कार मिळवणारे कलाकार मोजकेच आहेत. त्या यादीत आता ग्लेंडाही आल्या. २०१९ मध्ये त्या पुन्हा लिअर झाल्या, पण यावेळी ब्रॉडवेवर, सॅम गोल्ड यांच्या दिग्दर्शनात. हा प्रयोग मात्र लंडनसारखा सगळ्यांना रुचला नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी बीबीसीवर ‘एलिझाबेथ इज मिसिंग’ आला. ग्लेंडा यांचं काम कुठून पाहायला सुरुवात करावी, असं कुणी विचारलं तर इथून करावी. एमा हिली यांच्या कादंबरीवरचा हा टीव्हीपट आहे. मॉड नावाच्या आजींना स्मृतिभ्रंश झालाय. त्यांची मैत्रीण एलिझाबेथ हरवली आहे, एवढं त्यांना पक्कं आठवतं. बाकी सगळं निसटत चाललंय. त्या खिशात चिठ्ठ्या ठेवतात, त्याच चिठ्ठ्यांचा अर्थ त्यांना लागेनासा होतो. घरातली माणसं वैतागतात आणि वैतागल्याबद्दल स्वतःवरच चिडतात. ज्यांच्या घरात असं म्हातारं माणूस आहे त्यांना हे पाहणं जड जाईल. ग्लेंडा मॉडला कुठेही बिचारी होऊ देत नाहीत. ती भांडते, चिडते, लबाडीही करते. या भूमिकेसाठी त्यांना २०२० मध्ये बाफ्टा मिळाला, मग आंतरराष्ट्रीय एमीही. तेव्हा त्या ८४ वर्षांच्या होत्या.

या चित्रपटानिमित्त दिलेल्या मुलाखतींत त्या स्वतःच्या अभिनयापेक्षा वृद्धांच्या देखभालीचा खर्च कोण उचलणार, यावरच जास्त बोलायच्या. माणसं जास्त जगणार हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्याची सोय मात्र कुठलाच पक्ष करत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. खासदारकी सुटली तरी सवय सुटली नव्हती.

१५ जून २०२३ रोजी लंडनमधल्या ब्लॅकहीथ भागात, राहत्या घरी त्यांचं निधन झालं. वय ८७. काही काळापूर्वीच त्यांनी मायकेल केन यांच्याबरोबर ‘द ग्रेट एस्केपर’चं काम पूर्ण केलं होतं. हे दोघं १९७५ च्या ‘द रोमँटिक इंग्लिशवुमन’मध्ये नवरा-बायको होते. जवळपास अर्ध्या शतकानंतर ते पुन्हा नवरा-बायकोच झाले. दुसऱ्या महायुद्धात लढलेला एक म्हातारा २०१४ मध्ये वृद्धाश्रमातून गुपचूप निघून नॉर्मंडीच्या स्मृतिसोहळ्याला पोहोचतो, ही खरी घडलेली गोष्ट. तो तिकडे जातो, तेव्हा त्याची बायको रेनी मागे थांबते, विचारणाऱ्यांना गुंगारा देते आणि त्याची वाट पाहते. ती रेनी म्हणजे ग्लेंडा. चित्रपट ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रदर्शित झाला, त्या गेल्यानंतर चार महिन्यांनी.